आधी वजन, मग शॉकअप

करोल बागेत हरध्यानसिंग रोडला मागचे शॉकअप घ्यायला गेलात, तर दुकानदार दोन प्रश्न विचारतो. गाडी कोणती आणि बजेट किती. दोन्ही उत्तरं मिळाली की तो मागे वळतो आणि काउंटरवर तीन-चार जोड्या मांडतो. एक काळी, एक लाल स्प्रिंगची, एक सोनेरी, बाजूला छोटं नळकांडं जोडलेली. आपण त्या हातात घेऊन तोलतो, स्प्रिंगवरून बोट फिरवतो आणि भाव करायला लागतो. नोकरीनिमित्त मी गुरुग्रामला राहतो आणि या रस्त्यावर स्वतःसाठी, मित्रांसाठी कितीतरी वेळा आलो आहे. तिसरा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाच, एका वयस्कर मिस्त्रींनी विचारला. ‘वजन कितना है आपका?’

त्या दिवशी मला तो प्रश्न विचित्र वाटला होता. या प्रकरणात सांगण्यासारखं जे काही आहे, ते सगळं त्याच प्रश्नातून निघतं.

आधी शब्दांचं बघू. पुण्या-नाशिकच्या गॅरेजात आपण ‘शॉकअप’ म्हणतो, दिल्लीत त्यालाच ‘शॉकर’ म्हणतात. मागचं चाक ज्या दुहेरी दांड्यात बसतं, त्याला कंपनीच्या पुस्तकात स्विंगआर्म असं नाव असतं. मिस्त्री मात्र तिकडचा असो की इकडचा, त्याला ‘चिमटा’च म्हणतो. हा चिमटा पुढच्या टोकाला चासीत अडकवलेला असतो आणि मागचं टोक चाकासकट वरखाली होतं. चिमटा आणि चासी यांच्या मधे शॉकअप. त्यात दोन वेगळी यंत्रं एकात एक बसवलेली असतात. बाहेरची स्प्रिंग गाडीचं आणि माणसाचं वजन पेलते. आतलं तेलाचं नळकांडं वजन जवळजवळ पेलतच नाही. स्प्रिंग दबली आणि सुटली की तिला किती वेगाने हलू द्यायचं, एवढंच ते ठरवतं. तेल नसलेला शॉकअप गाडी उचलून धरेल, पण एका खड्ड्यानंतर ती झोपाळ्यासारखी झुलत राहील. उलट स्प्रिंगशिवायचा शॉकअप गाडीखाली हळूहळू बसून जाईल. लोक ‘शॉकअप कडक आहे’ म्हणतात तेव्हा या दोघांपैकी कोण कडक आहे, हे पहिल्यांदा शोधावं लागतं, कारण उपाय दोघांचे निराळे आहेत.

ही व्यवस्था मोटरसायकलीला सुरुवातीपासून नव्हती. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक गाड्यांचं मागचं चाक थेट सांगाड्यात बसवलेलं असे आणि धक्का सोसायचं काम सीटखालच्या स्प्रिंगा करत. रॉयल एनफिल्डने 1940च्या दशकाच्या अखेरीस नवी बुलेट आणली ती चिमटा आणि तेलाचे दोन शॉकअप घेऊन, आणि त्या काळात ही मोठी धाडसाची गोष्ट होती. हीच बुलेट आपल्या लष्कराने घेतली आणि 1955 साली मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. म्हणजे भारतातल्या रस्त्यांची आणि दोन शॉकअपच्या बुलेटची ओळख आता सत्तर वर्षांची होते आहे. करोल बागेत नाईवाल्याच्या गल्ल्यांतून आजही तिचे उघडे सांगाडे स्टँडवर उभे दिसतात.

आपल्या गाडीला कंपनीने जे शॉकअप दिले ते वाईट असतात, असं गृहीत धरून बाजारात जाऊ नका. मुलुंडला 1961 साली सुरू झालेली गॅब्रिएल, वाळूजची एन्ड्युरन्स, इथे गुरुग्राममध्ये 1985पासूनची मुंजाल शोवा या कंपन्या लाखोंनी शॉकअप बनवतात आणि त्यांना आपलं काम येतं. अडचण दुसरीच आहे. एकाच मॉडेलवर पंचावन्न किलोचा कॉलेजकुमार बसणार, त्याच मॉडेलवर नव्वद किलोचे गृहस्थ बायको-मुलाला घेऊन बसणार, आणि तिसरा मागे दुधाच्या किटल्या बांधणार. कारखान्याला तिघांसाठी एकच स्प्रिंग निवडायची असते, तीही ठरलेल्या किमतीत. ती स्प्रिंग कोणालाच नेमकी बसत नाही आणि सगळ्यांना चालून जाते. बाहेरची महाग जोडी घेण्याचं खरं कारण फक्त हेच असू शकतं, की ती तुमच्यासाठी निवडता येते. ती ‘चांगली’ असते म्हणून, किंवा सोनेरी असते म्हणून घेतलीत, तर एका सरासरीच्या जागी दुसरी सरासरी येईल, पैसे तेवढे जास्त जातील.

माझा आतेभाऊ नोएडाला असतो. एका रविवारी त्याचा फोन आला. ‘दादा, गाडी मागून फार आपटते. शॉकअप बदलतो. कुठले घेऊ?’ मी म्हटलं, ‘आधी हवा बघ.’ मागच्या टायरमध्ये 45 पौंड हवा निघाली. त्याच्या गाडीला दोघांसाठी 32 सांगितलेली. पेट्रोल पंपावरच्या पोराने ट्रकचा टायर भरावा तशी भरली होती. टायर हाही एक शॉकअपच आहे, आणि रस्त्याशी गाठ पडते ती आधी त्याची. तो दगड झाला की पुढे हजारो रुपयांची स्प्रिंग काही करू शकत नाही. हवा उतरवल्यावर त्याची निम्मी तक्रार गेली. उरलेल्या निम्म्यासाठी मी टेप घेऊन त्याच्याकडे गेलो.

खरेदीआधी पाहण्याच्या आणखी तीन गोष्टी आहेत, त्या पटकन सांगतो. शॉकअपच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतात; ते फाटले की खड्ड्यात ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि माणूस शॉकअप गेला असं समजतो. दुसरं, गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हाताने डावी-उजवीकडे हलवा. चिमटा हलला तर त्याचे बुश किंवा बेअरिंग गेलेत. तिसरं, एका शॉकअपच्या, म्हणजे मोनोशॉकच्या गाडीत बऱ्याचदा खाली छोट्या दांड्यांची जोडणी असते, ती दिल्लीच्या पावसाळ्यात दोनदा पाण्यात गेली की ग्रीस संपतं आणि गंज धरते. हे तिन्ही काही शेकड्यांत दुरुस्त होतं.

आता टेप. गाडी आपल्या वजनाने किती बसते आणि माणूस बसल्यावर किती बसते, हे मोजणं म्हणजे अर्धी निवड झाली. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत लोंबू द्या. मागच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर, सीटखाली कुठेतरी चिकटपट्टी लावून खूण करा आणि अंतर मोजा. मग गाडी चाकांवर उभी करून तेच अंतर मोजा. मग तुम्ही नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट-बॅगेसकट बसा, पाय पायरीवर ठेवा, कोणाला तरी गाडी धरायला आणि कोणाला तरी मोजायला सांगा. प्रत्येक वेळी गाडी एकदा दाबून सोडा आणि मोजा, एकदा उचलून सोडा आणि मोजा, दोन्हींची सरासरी घ्या. सीलच्या घर्षणामुळे दोन आकडे जरा वेगळे येतात. पहिल्या मापातून दुसरं वजा केलं की गाडीचं स्वतःचं बसणं मिळतं, तिसरं वजा केलं की माणसासकट बसणं.

हे बसणं चाकाच्या एकूण चालीच्या मापाने बघायचं. 2018मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर 650च्या मागच्या चाकाची चाल 88 मिलिमीटर आहे, तर त्याच कंपनीच्या 2016च्या हिमालयनची 180. रस्त्यावरच्या गाडीत माणूस बसल्यावर चालीचा चौथा ते तिसरा हिस्सा वापरला जावा. म्हणजे पहिल्या गाडीत साधारण 22 ते 29 मिलिमीटर, दुसरीत 45 ते 60. आणि नुसती गाडी उभी असताना तिने चार-दहा मिलिमीटर तरी बसलं पाहिजे. ते का, असं विचारलं जातं. चाकाला फक्त वर उचललं जायचं नसतं, खड्ड्यात खालीही उतरायचं असतं. खाली जायला जागा नसेल तर खड्डा आला की चाक हवेत राहतं आणि अख्खी गाडी त्याच्यामागे खाली पडते.

आतेभावाच्या गाडीची चाल 90च्या आसपास होती. स्प्रिंगखालचं घरांचं कडं, ज्याला आपण पाना लावून फिरवतो, ते सगळ्यात खालच्या घरात असताना गाडी एकटी 12 मिलिमीटर बसत होती, तो बसला की 33 आणि मागे वहिनी बसल्या की 54. अर्ध्याहून जास्त चाल नुसतं बसण्यातच संपली. स्पीडब्रेकरला आपटणार नाही तर काय होईल! मग कडं सगळ्यात वरच्या घरात फिरवलं. आकडे आले 1, 22 आणि 43. तिन्हीतून बरोबर 11 कमी झाले, हे बघा. म्हणजे कडं फिरवून स्प्रिंग कडक झालीच नाही, गाडी फक्त 11 मिलिमीटर उंच झाली. एक माणूस बसला की आधीही ती 21 मिलिमीटर खाली जात होती आणि नंतरही 21च जाते.

दिल्लीत काय आणि पुण्यात काय, सगळ्यात पक्का रुजलेला गैरसमज हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. कडं वर फिरवणं म्हणजे स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवणं. याला प्रीलोड म्हणतात. स्प्रिंगचा कडकपणा त्याने बदलत नाही. तो तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांनी ठरतो आणि एकदा स्प्रिंग वळली की कायमचा ठरून जातो. रॉबर्ट हुकने 1678 साली मांडलेला नियम इथे अजून तसाच लागू आहे: जितका जोर, तितकं दबणं. तारेच्या जाडीचा प्रभाव तर विलक्षण आहे. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 8 मिलिमीटरऐवजी 8.8ची तार घेतली, म्हणजे दहाच टक्के जाड, तर स्प्रिंग 46 टक्के कडक होते. डोळ्यांना हा फरक कळतही नाही. त्यामुळे दुकानात स्प्रिंगकडे बघून ‘ही भारी आहे’ असं कोणी म्हणालं तर त्याला अर्थ नसतो. स्प्रिंगवरचा किंवा कागदावरचा आकडा मागावा. आणि गाडी बुटकी करायला जे लोक वेटोळी कापतात, त्यांना हे माहीत असायला हवं, की सोळातली दोन वेटोळी कापली तर उरलेली स्प्रिंग 14 टक्के कडक झालेली असते.

त्या तीन आकड्यांवरून निदान असं होतं. माणसासकटचं बसणं जमवायला कडं इतकं वर न्यावं लागलं की नुसती गाडी जरासुद्धा बसेना, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. उलट, माणसासकट बसणं बरोबर आहे पण नुसती गाडीच खूप बसते, तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे. वाचताना उलटं वाटतं, मलाही कित्येक महिने वाटत होतं. पण पन्नास-पंचावन्न किलोच्या ज्या मुली ‘गाडी मऊ करा’ म्हणून कडं खाली खाली नेत राहतात आणि तरी गचके खातात, त्यांच्या गाडीचं दुखणं हेच असतं. कड्यात काही नाही, स्प्रिंगच त्यांच्या वजनाची नाही.

आतेभावासाठी आम्ही पाव हिश्श्याने कडक स्प्रिंग घेतली. आता एका माणसाला गाडी 21ऐवजी 17 मिलिमीटर बसते. नुसती गाडी 6वर ठेवली, तर तो बसल्यावर 23 आणि वहिनी बसल्यावर 40. दूर जायचं असलं की तो कडं वर नेतो, मग दोघांना 35. चालीचा मोठा हिस्सा धक्क्यासाठी मोकळा राहिला. लडाखला सामान न्यायचं असेल तर आणखी एक हिशेब करा. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे बांधलेली वीस किलोची पेटी मागच्या चाकावर वीसपेक्षा जास्त भार टाकते आणि वीसच्या वर जेवढा जातो, तेवढंच पुढच्या चाकाला हलकं करते. दिल्लीहून निघणाऱ्या गाड्यांवर मी मागे जेरीकॅन, वर बॅग, त्यावर तंबू असे मनोरे पाहिलेत. शॉकअपची निवड करताना हा मनोरा मोजण्यात धरलेला नसतो.

स्प्रिंग ठरली की तेलाचा विषय. नळकांड्यात एक पिस्टन तेलातून वरखाली होतो. पिस्टनला बारीक भोकं असतात आणि त्यांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत. तेल चकत्यांना वाकवून पलीकडे जातं आणि त्या झगड्यात धक्क्याची ताकद उष्णता बनून निघून जाते. दबताना एक अटकाव, सुटताना दुसरा. सुटतानाचा अटकाव स्प्रिंगशी जुळलेला असावा लागतो, कारण दबलेली स्प्रिंग जितकी कडक तितक्या जोराने ती उसळते. म्हणून जुन्या थकलेल्या शॉकअपवर नुसती कडक स्प्रिंग चढवणं हा अर्धवट उपाय आहे. गाडी घोड्यासारखी उड्या मारू लागते. जोडी घेताना स्प्रिंग आणि आतला अटकाव एकमेकांसाठी जुळवले आहेत का, हे विचारावं. ज्या विक्रेत्याला हा प्रश्न कळतो, तिथे थोडा वेळ थांबायला हरकत नाही.

उलटी चूकही होते. सुटतानाचा अटकाव जास्त असला तर एका खड्ड्यातून स्प्रिंग पुरती वर यायच्या आत दुसरा खड्डा येतो. ती अर्धवट दबलेली असतानाच आणखी दबते, मग आणखी. शेवटी चाल संपते आणि गाडी दगडासारखी वागू लागते. ग्रांफूहून काझाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे मी स्वतः भोगलं. गाडी कडक वाटते म्हणून मी प्रत्येक मुक्कामी अटकाव कमी-जास्त करायची खुंटी आणखी घट्ट करत गेलो, आणि दर दिवशी पाठीचे हाल वाढत गेले. बातालच्या अलीकडे एका अनोळखी स्वाराने खुंटी चार टिचक्या सैल करून दिली. पुढचे वीस किलोमीटर मी त्याला मनोमन दुवा देत गेलो. ‘कडक वाटतंय’ यामागे ‘फार सावकाश सुटतंय’ हे कारण असू शकतं, ते तेव्हा कळलं.

अशाच रस्त्यावर तेल तापतं. साध्या तेलाची दाटी 40 अंशांवरून 100 अंशांपर्यंत जाताना पाचव्या हिश्श्यापर्यंत उतरू शकते, म्हणजे सकाळचा शॉकअप आणि दुपारचा शॉकअप वेगळे. त्यात नळकांड्यात हवा असेल तर ती तेलात घुसळून फेस होतो आणि फेसाला अटकाव करता येत नाही. यावर फ्रान्सच्या ख्रिस्तियां बूर्सिये द कार्बों या अभियंत्याने 1950च्या दशकात उपाय रूढ केला. तेलाच्या पलीकडे एक सरकती चकती आणि तिच्या मागे दाबाखालचा नायट्रोजन. वायू तेलाला सतत दाबून धरतो, त्यामुळे फेस होत नाही. ‘गॅस शॉकअप’ म्हणजे गादीसारखी हवा भरलेली, म्हणून मऊ, असा समज आपल्याकडे बजाज पल्सरवर ‘नायट्रॉक्स’ नाव लिहायला लागल्यापासून पसरला. वायूचं खरं काम तेलाला शिस्तीत ठेवणं हे आहे. बाजूचं छोटं नळकांडं हीच वायूची आणि जास्तीच्या तेलाची जागा. तेल जास्त, म्हणून तापायला वेळ जास्त.

तुम्ही द्वारकेहून कॅनॉट प्लेसला रोज ऑफिसला जात असाल तर या नळकांड्याची तुम्हाला गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्या अंतरात तेल तापतच नाही. ते पैसे योग्य स्प्रिंगवर घाला. स्पिती-लडाख दरवर्षी करणाऱ्याने, किंवा दोघं आणि सामान घेऊन लांब जाणाऱ्याने मात्र ते घ्यावं.

आणि घ्याल ते खरं असल्याची खात्री करा, कारण बाजारात खोटी नळकांडीही आहेत. पहिली जोडी मी दिल्लीतच एका दुकानातून घेतली. दिसायला देखणी, निळ्या नळकांड्यांची, फिरवायची खुंटी, तिच्यावर आकडे. सहा महिन्यांत एक गळायला लागली. मिस्त्रीने कापून दाखवली. नळकांडं नुसतं स्क्रूने वरून बसवलेलं, आतून कुठेच जोडलेलं नाही; खुंटी गोल फिरत होती, पण तिच्या टोकाला काही नव्हतं. तेव्हापासून मी दुकानातच एक गोष्ट करतो. स्प्रिंग काढलेला नमुना असेल तर दांडा हाताने दाबून सोडतो. वायूचा खरा शॉकअप आपणहून, एका गतीने, सावकाश बाहेर येतो. मग खुंटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पुन्हा दाबतो. हाताला फरक जाणवला नाही, तर ती खुंटी शोभेची आहे. नमुना दाखवायला दुकानदाराने नकार दिला तर तेही उत्तरच समजावं.

गतिरोधकांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988च्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या कमानीचा असावा, म्हणजे गाडी ताशी 25च्या वेगाने सहज जाईल. नोएडा-गाझियाबादच्या सोसायट्यांसमोर जे काळे-पिवळे प्लास्टिकचे कंगोरे खिळलेले असतात, त्यांची रुंदी हातभरही नसते. असल्या कंगोऱ्यावर गाडी हळू असली तरी शॉकअपचा पिस्टन फार वेगाने दबतो. महागड्या शॉकअपवर ‘हाय स्पीड’ आणि ‘लो स्पीड’ अशा दोन खुंट्या असतात त्या या पिस्टनच्या वेगाच्या, गाडीच्या वेगाच्या नव्हेत. यमुना एक्सप्रेसवेवर शंभरने जाताना काँक्रीटच्या लांब लाटांवर पिस्टन सावकाशच हलत असतो. दोन खुंट्या समजून घ्यायची तयारी नसेल तर एका खुंटीचा, फक्त सुटतानाच्या अटकावाचा शॉकअप घ्या. चुकीच्या जागी ठेवलेल्या दोन खुंट्यांपेक्षा तो कितीतरी बरा चालतो.

लांबीशी खेळू नका. एका टोकाच्या बुशच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं माप मूळ शॉकअपएवढंच ठेवा. चाकांमधलं अंतर 1,400 मिलिमीटर असलेल्या गाडीचं मागचं टोक 12 मिलिमीटर वर गेलं की पुढचा फोर्क सुमारे अर्धा अंश उभा होतो. हँडल हलकं वाटतं, वळणात चपळाई येते, आणि वेगात सरळ धावताना गाडी पूर्वीइतकी ठाम राहत नाही. शिवाय बाजूच्या स्टँडवर ती जास्त कलते, चेनचा कोन बदलतो. माप घेताना बुशचा आतला व्यासही घ्या. दहाच्या जागी बाराचा बोल्ट बसवायला भोक वाढवणारे कारागीर मिळतात, पण त्यांच्याकडून ते करून घेऊ नये.

आता नावं. स्वीडनच्या केंट ओलिनने 1976 साली सुरू केलेली ओलिन्स ही या धंद्यातली सगळ्यात मानाची. कंपनी आता ब्रेम्बोच्या मालकीची आहे. तिच्या जोडीची किंमत ऐकून धडकी भरते, पण तिथे स्वाराच्या वजनाप्रमाणे स्प्रिंगा निवडता येतात आणि आतला प्रत्येक भाग सुटा मिळतो. थायलंडची वायएसएस आपल्या बाजारात मधल्या किमतीची निवड आहे, आणि भारतीय गाड्यांसाठी तिची मापं तयार आहेत. इंग्लंडची हॅगन, आणि हॉलंडच्या कोनीचा मोटरसायकलींचा वारसा पुढे चालवणारी ऑस्ट्रेलियाची आयकॉन, या साध्या, टिकाऊ, दुरुस्त होणाऱ्या जोड्या. मला विचाराल तर पहिली अट दुरुस्तीची. मूळ शॉकअप सहसा दाबून बंद केलेले असतात, सील गेलं की भंगार. दुरुस्त होणारा शॉकअप उघडून तेल आणि सील बदलता येतात. म्हणून घेण्याआधी विचारा, याची सर्व्हिस दिल्लीत कोण करतं, सील किती दिवसांत मिळतं, नायट्रोजन भरायची सोय आहे का. उत्तर ‘भेजना पड़ेगा’ असं आलं तर कुठे, किती दिवस, किती खर्च, हे बिलावर लिहून घ्या. जोडी अधिकृत विक्रेत्याकडून, क्रमांकासह, पक्क्या बिलाने घ्या.

आणि तुम्हाला महाग जोडी परवडत नसेल, तर कंपनीची नवी मूळ जोडी बसवा. तीस-चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या शॉकअपचं तेल थकलेलं असतं, आपल्याला ते रोज थोडं थोडं म्हणून कळत नाही. नवी मूळ जोडी टाकून गाडी पहिल्या दिवशीसारखी झाली असं सांगणारे कित्येक भेटलेत. खोट्या सोनेरी जोडीपेक्षा हा सौदा दहापट चांगला.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या मूळ तपशिलांत बदल करायला मनाई करतं. त्याच मापाची शॉकअपची जोडी हा तसा बदल नाही, पण चिमटा कापून लांब करणं, चासीवर नवे कान वेल्ड करणं हे सोडून द्या. त्यात कायद्यापेक्षाही जिवाचा प्रश्न आहे. दिल्ली-एनसीआरमध्ये जुनी बुलेट सजवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर इथे 2018च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली आणि तो नियम पुढेही बदलत राहिला. मोठी रक्कम घालण्याआधी गाडीचं नोंदणीचं वर्ष आणि चालू नियम पाहून घ्या.

माझ्या गाडीवर आता जी जोडी आहे, ती घेताना मी दुकानात कागदावर लिहून नेलं होतं: माझं वजन 78 किलो, सौ.चं 61, सामान 15, तीन बसणी, मूळ लांबी आणि बुशची मापं. विक्रेत्याने तो कागद वाचला, फोन करून वेगळ्या आकड्याची स्प्रिंग मागवली आणि दहा दिवसांनी या म्हणाला. तुम्हीही तो कागद घेऊन जा. दुकानदाराने वजन विचारलं नाही तर आपणहून सांगा. आणि सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी करोल बागेचा बाजार बंद असतो.